जाड पिक्सेल अक्षरं आणि त्यातले रिकामे चौकोन

आठ ओळी, दर ओळीत आठ चौकोन. १ म्हणजे चौकोन भरलेला, ० म्हणजे मोकळा.

००१११०००
०११०११००
११०००११०
११०००११०
१११११११०
११०००११०
११०००११०
००००००००

हा रोमन लिपीतला ए. जुन्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावर 'गेम ओव्हर' आणि 'हाय स्कोअर' ज्या जाड, पायऱ्यापायऱ्यांच्या अक्षरांत झळकायचं, त्याच घराण्यातला. उभ्या रेघा दोन चौकोन रुंद, आडव्या एकच चौकोन उंच. सगळ्यात खालची ओळ आणि उजवीकडचा शेवटचा स्तंभ कायम मोकळा, कारण अक्षरांमधलं आणि ओळींमधलं अंतर तेवढ्यावरच भागवायचं असतं. आडव्या दांडीच्या वर अडकलेली मोकळी जागा मोजली तर सातच चौकोन भरतात. त्यातला एक जरी बुजवला तरी ए गुदमरल्यासारखा दिसतो. जाड पिक्सेल फॉन्टबद्दल मला जे सांगायचंय ते या सात चौकोनांपासून सुरू होतं. या अक्षरांचा जीव मोकळ्या ठेवलेल्या चौकोनांत असतो, आणि रेट्रो दिसावं म्हणून हौसेनं असा फॉन्ट लावताना नेमके तेच चौकोन बुजतात. कधी ब्राउझर बुजवतो, कधी सावली, कधी छपाई, आणि मराठीत तर बरेचदा आठ चौकोनांचा हट्टच बुजवतो.

आठ हा आकडा आला स्मृतीच्या हिशोबातून. एक चौकोन म्हणजे एक बिट, आठ चौकोनांची ओळ म्हणजे एक बाइट, आठ ओळींचं अक्षर म्हणजे आठ बाइट. कॅपिटल अक्षरं, आकडे आणि थोडी विरामचिन्हं मिळून ६४ आकृत्या धरल्या तर सगळा फॉन्ट ५१२ बाइटांत मावतो. स्मृती महाग होती त्या काळात ही काटकसर नव्हती, गरज होती. १९७६ मध्ये अटारीच्या 'की गेम्स' या शाखेच्या 'क्विझ शो' या खेळात या वळणाची अक्षरं दिसली. पुढे जपानच्या नॅमकोनं तीच आपल्या खेळांत वापरली, १९८०च्या 'पॅक-मॅन'मध्ये ती जगभर पोचली आणि आर्केड म्हटलं की हेच अक्षर, असं समीकरण होऊन बसलं.

उभी रेघ दोन चौकोनांची का, याचं उत्तर पडद्याच्या काचेमागे आहे. जुन्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे धावत एकेक ओळ रंगवतो. आडवी रेघ म्हणजे झोत बराच वेळ चालू; ती एक ओळ उंच असली तरी ठसठशीत उमटते. उभी रेघ मात्र दर ओळीत क्षणभराची उघडझाप असते. एका पिक्सेलपुरता संकेत पूर्ण उजेडापर्यंत चढायच्या आतच उतरायला लागतो आणि रेघ फिकी पडते. दोन पिक्सेल दिले की तो वर पोचतो. आज आपल्याला जे जुन्या काळचं वळण वाटतं, ते मुळात त्या यंत्राला दिलेलं नेमकं उत्तर होतं. १९८४च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअरनं आखलेल्या शिकागो फॉन्टमध्येही उभे दांडे दोन पिक्सेलांचे आहेत, पण तिथे त्याचा आणखी एक उपयोग होता. मेन्यूतला बंद असलेला पर्याय फिका दाखवायला एक सोडून एक पिक्सेल पुसायचे. एका पिक्सेलची उभी रेघ त्यात ठिपक्याठिपक्यांची होते. दोनची असेल तर प्रत्येक ओळीत एक पिक्सेल उरतोच, आणि शब्द वाचता येतो.

आज हे अक्षर हवं असेल तर बहुतेकांच्या हाताला लागतो तो 'प्रेस स्टार्ट टू पी'. 'कोडमॅन३८' या नावानं काम करणाऱ्या डिझायनरनं नॅमकोच्या ऐंशीच्या दशकातल्या अक्षरांवरून तो बांधला आणि खुल्या परवान्याखाली दिला. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, धंद्याच्या कामातही वापरता येतो. फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायची परवानगी नाही. रोमन, ग्रीक, सिरिलिक अक्षरं त्यात आहेत. देवनागरी नाही. तिच्याकडे येतोच, पण आधी या फॉन्टचं जे हमखास बिघडतं ते पाहू.

पहिला घात आकाराचा. अक्षर आठ चौकोनांचं आहे म्हणजे आकार आठच्या पटीत हवा: ८, १६, २४, ३२. १८ किंवा २० पिक्सेल दिले की एक चौकोन पडद्यावरच्या सव्वादोन किंवा अडीच पिक्सेलांचा होतो, आणि अर्ध्या पिक्सेलचं करायचं काय म्हणून संगणक तिथे करडी कड भरतो. पण आठची पट पाळूनही काम फसतं, कारण विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर पडद्याचं स्केल, म्हणजे सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण, १२५ टक्क्यांवर ठेवलेलं असतं. तुम्ही १६ लिहिलंत, पडद्यावर २० झाले, चौकोन पुन्हा अडीचचा. २४ घेतले तर ३०, म्हणजे चौकोन पावणेचारचा. ३२ मात्र सगळीकडे निभावतो: १०० टक्क्यांवर चौकोन चार पिक्सेलांचा, १२५वर पाच, १५०वर सहा, १७५वर सात, २००वर आठ. म्हणून वेबपानावर आठ-चौकोनी फॉन्ट लावायचा तर ३२ पिक्सेल किंवा त्याच्या पटीत, असं माझं ठाम मत आहे. त्याहून लहान मजकुरासाठी तो फॉन्ट नाहीच. हा मथळ्याचा फॉन्ट आहे. फोनच्या दाट पडद्यांवर गुणोत्तर विचित्र अपूर्णांकात येतं, पण तिथे एका चौकोनाला आधीच पाच-सात किंवा जास्त पिक्सेल मिळतात, त्यामुळे पाव पिक्सेलची चूक डोळ्याला टोचत नाही.

दुसरा घात जास्त फसवा आहे, कारण तो न सांगता होतो. वेबपानावरचं मुख्य शीर्षक ब्राउझर मुळातच ठळक दाखवतो. या फॉन्टला ठळक रूप वेगळं नाही. तो आहे तोच जाड आहे. ठळक रूप सापडलं नाही की ब्राउझर अक्षराच्या कडा स्वतःच फुगवून खोटं ठळक तयार करतो, तेही चौकोनाच्या अर्ध्यामुर्ध्या भागानं. ए मधले सात चौकोन इथे सर्वात आधी आकसतात. बघणाऱ्याला वाटतं फॉन्टच गचाळ आहे. उपाय एका ओळीचा: पानाच्या सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्याच्या सूचनांत, शीर्षकाचं वजन ४०० करा आणि फॉन्ट-सिंथेसिस 'नन' ठेवा. खोटे तिरके वळणही त्यानं बंद होतं, आणि ते बंदच हवं, कारण तिरपा केलेला चौकोन हा चौकोन राहत नाही. फिरवायचंच असेल तर ९० अंशात फिरवा.

अक्षरांमधलं अंतर आणि ओळींमधलं अंतर हेही फॉन्टच्या चौकोनाच्या पटीत ठेवायचं. ३२च्या अक्षरात चौकोन चार पिक्सेलांचा, तर ओळीची उंची ४० किंवा ४८ ठेवा, ४५ नको. मध्यभागी बसवलेला मजकूर कधीकधी अर्ध्या पिक्सेलवर सुरू होतो आणि सगळी ओळच धूसर दिसते. तेव्हा डावीकडे लावून पाहा, धूसरपणा जातो का. चित्र मोठं करताना नियरेस्ट नेबर हा पर्याय निवडायचा, बाकीचे सगळे कडा मऊ करतात. फाइल पीएनजी ठेवायची. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून दाबतं आणि ज्या तुकड्यात काळं-पांढरं एकत्र येतं तिथे कडेभोवती धूळ उडाल्यासारखे डाग पडतात. जेपीईजी टाळताच येत नसेल तर अक्षराचा प्रत्येक चौकोन १६ पिक्सेलांचा करा आणि चित्राच्या कोपऱ्यापासून १६च्या पटीत मांडा. मग प्रत्येक तुकडा एकरंगी येतो आणि धूळ उडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना हाही उपाय पुरत नाही, कारण ते चित्र लहानही करतं. तिथे फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता देवनागरी.

आठ ओळींत देवनागरी बसवण्याचे प्रयत्न दिसतात आणि ते बघून वाईट वाटतं. हिशोब सरळ आहे. रोमन कॅपिटलला एकच मजला लागतो. देवनागरीला चार: वरच्या मात्रा, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खालचे उकार. आठ ओळींत वर दोन, शिरोरेषेला एक, खाली दोन दिल्या की अंगाला तीन उरतात. तीन ओळींत व आणि ब वेगळे दाखवणं शक्यच नाही. जपानी खेळांनाही आठच्या चौकटीत अशीच अडचण आली होती. जपानी 'काना' लिपीतल्या अक्षराच्या डोक्यावरच्या दोन बारीक रेघा आत मावेनात, तेव्हा सुरुवातीच्या बऱ्याच खेळांत त्यांनी त्या रेघा सरळ वरच्या चौकटीत, वेगळ्या तुकड्यात टाकल्या. म्हणजे लिपी कापण्याऐवजी त्यांनी जागा वाढवली. आपणही तेच करावं.

जाड देवनागरीला माझ्या मते १६ ओळी लागतात, आणि त्यांची वाटणी अशी: वर चार, शिरोरेषा दोन, अंग सात, खाली तीन. बेरीज बरोबर १६. ओळींमधल्या अंतरासाठी यात काहीच शिल्लक नाही, म्हणून दोन ओळी एकाखाली एक आल्या तर मध्ये किमान दोन चौकोनांची जागा वेगळी द्यावी लागते. उभे काने दोन चौकोनांचे. शिरोरेषा दोनची ठेवली की अक्षराला हवं तसं वजन येतं.

या सात ओळींच्या अंगात व असा काढता येतो. शिरोरेषा वर आहे असं धरा:

००००००११
०१११११११
११००००११
११००००११
११००००११
०१११११११
००००००११

व च्या पोटात चार स्तंभ आणि तीन ओळी, म्हणजे बारा मोकळे चौकोन. आता याचा ब करायचा तर पोटात तिरकी रेघ हवी. सगळीकडे दोनची जाडी आहे म्हणून ही रेघही दोनची काढली तर बारापैकी सहा चौकोन भरतात, उरलेले सहा दोन कोपऱ्यांत तीन-तीन असे अडकतात, आणि थोड्या अंतरावरून ब म्हणजे काळा गोळा दिसतो. त्याऐवजी पोटातल्या तीन ओळी अशा काढा:

१०००
०११०
०००१

चारच चौकोन भरले, आठ मोकळे राहिले, आणि ब वाचता येतो. नियम मोडला, अक्षर वाचलं. जाड फॉन्ट आखणाऱ्याला हे सतत करावं लागतं: जाडी सगळीकडे सारखी ठेवायची नसते, सारखी वाटायला हवी. मुंबईच्या एक टाइपनं आखलेला 'मोदक' हा फॉन्ट पाहा. तो पिक्सेल फॉन्ट नाही, गुबगुबीत वळणाचा आहे, पण त्यात अक्षरांची पोटं जवळजवळ मिटलेली असताना उरलेल्या पांढऱ्या फटी इतक्या विचारपूर्वक ठेवल्यात की शब्द सहज वाचता येतो. जाड देवनागरी शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

दुसरी जोडगोळी म आणि भ, घ आणि ध. इथे फरक पोटात नाही, शिरोरेषेत आहे. भ आणि ध यांच्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटलेली असते. शिरोरेषा दोन चौकोन जाड असेल तर ही फटही किमान दोन चौकोन रुंद हवी. एक चौकोनाची फट कागदावर कशीबशी दिसते, उजेडाच्या (एलईडी) पाटीवर अजिबात नाही.

ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि पिक्सेलमध्ये ती आपल्या फायद्याची नाहीत. मराठी ल च्या दोन पाकळ्यांना रुंदी जास्त लागते. तरी ती द्यावी, दहा-अकरा स्तंभ गेले तरी चालतील, कारण हिंदी वळणाचा ल मराठी मथळ्यात लगेच खटकतो. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतील तर पानाची भाषा मराठी, म्हणजे 'एमआर' अशी नोंदवावी लागते, तरच मराठी रूप येतं. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा ऱ हाही आपला खास. त्याला तीन स्तंभ वेगळे ठेवा.

जोडाक्षरांत माझं मत थोडं कडक आहे. क्ष, ज्ञ, श्र, त्र ही हवीतच. क्य, स्त, न्म यांसारखी, जिथे काना गाळून अर्धं अक्षर होतं, ती विनातक्रार बसतात. पण द्ध, ट्ट, ड्ड यांसारखी एकाखाली एक रचायची अक्षरं सात ओळींत कोंबू नयेत. पाय मोडून शेजारी लिहा. शुद्धलेखनाला त्यात काही बाधा नाही, आणि 'उद्ध्वस्त' हा शब्द निदान शब्दासारखा दिसतो.

फॉन्टची फाइल बांधताना काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात. फॉन्टचा एकक चौरस, म्हणजे अक्षर ज्या जाळीवर मोजतात ती, नेहमीच्या सवयीनं १००० ठेवला तर १६नं भाग जात नाही, चौकोन ६२.५ एककांचा येतो आणि कडा कायमच्या फसतात. १०२४ ठेवा, चौकोन ६४चा होईल. आठ-चौकोनी रोमनला १००० चालतो, कारण तिथे चौकोन १२५चा येतो. प्रत्येक चौकोन सुटा काढला असेल तर शेवटी सगळे एकजीव करा, नाहीतर जवळून पाहिल्यावर चौकोनांच्या सांध्यात केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. शिरोरेषेचीही हीच गत: दोन अक्षरांच्या शिरोरेषा काठोकाठ टेकवल्या तर काही आकारांत मध्ये चीर पडते. म्हणून शिरोरेषा उजवीकडे एक पूर्ण चौकोन पुढे काढावी, म्हणजे ती पुढच्या अक्षराखाली दडते. वरखालच्या मात्रा जिथे टेकतात ते बिंदूही ६४च्या पटीतच हवेत. एखादी मात्रा अर्धा चौकोन सरकली तर अख्ख्या शब्दाची चौकट ढासळते. ऱ्हस्व वेलांटीची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलावी लागते, त्यामुळे तिची चार-पाच रूपं काढा. रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले तर ते एकमेकांवर आपटू न देता त्यांची एकच जोडआकृती काढावी. चार ओळींत दुसरं काही बसतच नाही. आणि अक्षरं जोडण्याचे नियम फाइलमध्ये लिहिताना लिपीची खूण 'डेव्ह२' ही नवी ठेवा. देवनागरीत अक्षरांअक्षरांमधलं अंतर शून्य, हे सांगायलाच नको; ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

सावलीबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण रेट्रो म्हटलं की सगळ्यांना सावली हवी असते. ती धूसर नको, एक चौकोन उजवीकडे आणि एक खाली सरकवलेली कडक सावली हवी. रोमन अक्षरावर ती शोभते. व च्या पोटात मात्र ती डावीकडून एक स्तंभ आणि वरून एक ओळ खाते: बारा मोकळ्या चौकोनांतले सहाच उरतात. ब मध्ये काय उरत असेल ते पाहायचीही गरज नाही. देवनागरीला सावली द्यायचीच तर तिचा रंग पार्श्वभूमीच्या अगदी जवळचा ठेवा, किंवा फक्त शब्दाच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि पोटं हातानं साफ करा. रंगांच्या छटा एकातून एकात विरघळवणं टाळा. दोन-तीन सपाट रंग पुरतात.

पडद्याबाहेर ही अक्षरं कुठे जातात तेही पाहिलं पाहिजे. पोस्टरवर आधी अंतराचा हिशोब. चांगल्या डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरचा तपशील वेगळा कळतो, पाच मीटरवरून दीड मिलिमीटरचा. पायऱ्या नुसत्या कळून उपयोग नाही, त्या ठळक दिसल्या पाहिजेत, म्हणून मी याची तिप्पट धरतो. पाच मीटरवरून वाचायच्या पोस्टरवर चौकोन साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे १६ ओळींचं अक्षर सात सेंटिमीटरच्या वर. त्याहून लहान छापलं तर लांबून ते साधं जाड अक्षर दिसतं आणि पिक्सेल फॉन्ट निवडल्याचा फायदाच राहत नाही. फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना मजकूर कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या करून) आणि वेल्ड करून (त्या एकजीव करून) द्या. नुसतं कर्व्ह केलं तर शिरोरेषांचे एकमेकांवर चढलेले भाग तसेच राहतात, आणि कुणी अक्षराला बाहेरून रेघ मारली की प्रत्येक सांध्यात आडव्या चौकटी उमटतात.

रेडियमची, म्हणजे चिकटवायच्या रंगीत पत्र्याची, अक्षरं कापून घ्यायची असतील तर ब पुन्हा त्रास देतो. त्याच्या पोटातल्या मधल्या ओळीचे दोन चौकोन शेजाऱ्यांना फक्त कोपऱ्यानं टेकतात. यंत्राची सुरी कोपरा कापते आणि तो तुकडा सुटा होऊन ट्रान्सफर करताना हरवतो. दोन उपाय आहेत: कोपऱ्यांवर चौकोनाच्या दहाव्या भागाएवढा पूल ठेवा, किंवा रेडियमपुरती तिरकी रेघ दोनची करा आणि अक्षर मोठं घ्या. रोमन ए मध्ये ही भानगड नाही. वर परत पाहिलंत तर त्याचा तिरका भाग दर ओळीला आधीच्या ओळीशी एक चौकोन सामाईक ठेवतो. भरतकामात तर कोपरा सुटण्याचा प्रश्नच नाही. इंचाला १४ घरं असलेल्या क्रॉस स्टिचच्या कापडावर १६ ओळींचं अक्षर २९ मिलिमीटर उंच येतं, आणि मला वाटतं या अक्षरांना पडद्याबाहेर मिळालेलं सर्वात शोभणारं घर तेच आहे. तिथे एक टाका म्हणजे एक चौकोन, मधलं काही नाही.

उजेडाच्या पाट्या हा मात्र मनापासून कळकळीचा विषय. दुकानांच्या दारावर लाल अक्षरं सरकवणाऱ्या पाट्या बहुतेक पी-१० नावाच्या तुकड्यांच्या असतात: एका तुकड्यात ३२ स्तंभ, १६ ओळी, दोन दिव्यांमध्ये १० मिलिमीटर, मापं ३२० बाय १६० मिलिमीटर. म्हणजे ओळी सोळाच! देवनागरीला हव्या तेवढ्याच. तरीही या पाट्यांवर मराठी वाचताना त्रास होतो, याचं कारण बहुतेक वेळा त्यांवर कागदासाठी किंवा संगणकासाठी काढलेला फॉन्ट १६ ठिपक्यांत दाबून बसवलेला असतो. र. कृ. जोशींनी आखलेला 'मंगल' संगणकाच्या पडद्यावर उत्तम काम करतो, पण कोणताही वळणदार फॉन्ट १६ ठिपक्यांत नुसतं काळं-पांढरं करून उतरवला की रफार उडतो, उकार कापला जातो, अनुस्वार वेलांटीला चिकटतो. यात फॉन्टचा दोष नाही. तिथे ठिपक्याठिपक्यानं काढलेलं अक्षरच हवं.

काळ्या पाटीवर उजळ रेघ आहे त्याहून जाड भासते, म्हणून पाटीसाठी वाटणी थोडी बदलावी: शिरोरेषा एकच ओळ, वाचलेली ओळ अंगाला, म्हणजे चार, एक, आठ, तीन. रुंदीचा अंदाज द्यायचा तर र सहा स्तंभ, व, न, ग प्रत्येकी नऊ, ज आणि श दहा, काना आणि दोन्ही वेलांट्या प्रत्येकी चार. 'शिवाजीनगर' लिहून पाहा: चौदा, तेरा, चौदा, नऊ, नऊ, सहा, बेरीज ६५. दोन तुकडे जोडलेल्या पाटीला ६४ स्तंभ. एका स्तंभासाठी शब्द सरकता ठेवू नका. शेवटच्या र च्या उजवीकडचा मोकळा स्तंभ काढा, शब्द स्थिर उभा राहतो. अशी पाटी बसवर असेल तर बसची वाट पाहणाऱ्याला सरकणाऱ्या शब्दापेक्षा स्थिर शब्द फार लवकर वाचता येतो. दहा मिलिमीटरचे ठिपके साधारण ३४ मीटरपलीकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे लांबून पायऱ्याही दिसत नाहीत, सरळ अक्षर दिसतं.

पाटी चालवणाऱ्या स्वस्त कंट्रोलरना देवनागरीचे नियम माहीत नसतात. 'कि' लिहिलं तर कोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर असते, आणि कंट्रोलर ती तशीच नंतर दाखवतो. जोडाक्षरं पाय मोडून येतात. म्हणून शब्द संगणकावर आधी रचून, १६ ओळी उंचीचं दोन रंगांचं चित्र करून पाटीवर चढवणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. थांब्यांची नावं ठरलेली असतात, एकदा काढली की झालं.

कुठे वापरू नये हेही सांगतो: परिच्छेदाचा मजकूर, अर्ज, औषधाची माहिती, पत्ते, जिथे वाचताना चूक झाली तर कुणाचं तरी नुकसान होतं ते सगळं. खेळाचं नाव, स्पर्धेची तारीख, टी-शर्ट, तिकीट, आकडे, इथे हा फॉन्ट खुलतो. सोबत बाकीच्या मजकुराला 'मुक्ता'सारखा साधा, शांत फॉन्ट द्या. दोन्हीकडे गंमत नको.

मराठीपुरता कामचलाऊ जाड पिक्सेल फॉन्ट काढायला स्वर, व्यंजनं, अर्धी रूपं, मात्रांच्या जोड्या, निवडक जोडाक्षरं आणि आकडे धरून साधारण सव्वादोनशे आकृत्या लागतात. दर आकृतीला ३२ बाइट, म्हणजे सात हजारांच्या वर बाइट. रोमनच्या ५१२च्या चौदा पट. काम मोठं आहे, पण आवाक्यातलं आहे. सुरुवात व पासून करा, त्यातून ब आणि क निघतात. मग म आणि भ, घ आणि ध शेजारी शेजारी ठेवून काढा, एकेकटे नाही. मात्रा नंतर. आणि 'मूर्तींना', 'शत्रूंचा', 'ट्रॅक्टर', 'हृदय', 'दऱ्याखोऱ्या', 'भाबडा' हे सहा शब्द काढून कागद भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. 'मूर्तींना'तला अनुस्वार रफारापासून सुटा दिसला नाही, तर वरच्या चार ओळी पुन्हा आखाव्या लागतील. 'भाबडा'तला ब भरल्यासारखा दिसला, तर आणखी एक चौकोन मोकळा करा.